ओढ्याकाठच्या सहा दुपारी

सुट्टीत भोरला आले की पहिले दोन दिवस मी बागेकडे फिरकत नाही. या खेपेला मात्र आल्या संध्याकाळीच गेले. संस्थान विलीन झालं, आता बागेकडे कोण बघणार, असं दादानं पत्रात लिहिलं होतं. ते खरंच होतं. फाटकाची एक फळी निखळून पडली होती. तांबड्या मुरमाच्या वाटेवर हराळी माजली होती. विहिरीवरची मोट बंद, म्हणून पाट कोरडा, आणि पाट कोरडा म्हणून सायलीच्या मांडवाच्या नुसत्या काटक्या झालेल्या. हौदात पाण्याच्या जागी पाचोळा होता आणि त्यावर एक सरडा मान वर करून बसला होता.

सोनचाफा तेवढा होता. झाड दिसायच्या आधी त्याचा वास आला आणि माझी पावलं आपोआप मोजली जाऊ लागली. फाटकापासून चाफ्यापर्यंत अठ्ठेचाळीस. तिथं उजवीकडे वळायचं. मग पाटाच्या कडेकडेनं बकुळीच्या पारापर्यंत एकसष्ट. पारापासून ओढ्यात उतरणाऱ्या पायऱ्या नऊ, त्यातली सातवी जरा खचलेली. इतकी वर्षं झाली, पण एकही आकडा चुकला नाही.

ही बाग मी अशी पावलांनी, नाकानं आणि कानांनी शिकले. डोळ्यांना ती सतराव्या वर्षापर्यंत नीट दिसलीच नव्हती.

माझी नजर लहानपणापासून अधू. हातभर अंतरावरचं बारीक अक्षर मी सहज वाचायची, पण दहा पावलांपलीकडचा माणूस म्हणजे एक हलणारा डाग. शाळेतल्या बाईंनी सांगून सांगून शेवटी दादानं मला पुण्याला नेलं आणि डॉक्टरांनी जाड काचांचा चष्मा दिला. तो घातला त्या दिवशी आमच्या घराच्या कौलांना कडा असतात हे मला कळलं. पण हा आनंद घरापुरताच. चष्मा घालून उंबऱ्याबाहेर, ओटी-अंगणातसुद्धा जायचं नाही, अशी दादाची सक्त ताकीद होती. मुलीला चष्मा म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसांना वेगळं सांगावं लागत नसे. दोन स्थळं त्यापायीच मोडली होती. दुसऱ्यांनी तर निरोप पाठवला होता, पुढं पोरंही आंधळी निपजली तर काय करायचं?

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. दादा दरबारच्या दप्तरात कारकून होता. वय सव्वीस, पण कपाळावर आठ्या चाळिशीच्या. तो वाईट नव्हता. वडिलांच्या माघारी बहिणीचं लग्न झालं नाही तर लोक काय म्हणतील, या भीतीनं त्याला पुरतं पोखरलं होतं. आई देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्येच असे, बोलत नसे. आणि वहिनी होती. चार वर्षांपूर्वी वेल्ह्याकडच्या विंझरहून आमच्या घरात आलेली, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. डोंगरातल्या गावची, त्यामुळे ती झपझप चाले, पण बोलायची अगदी हळू. दादापुढं तर तिचं बोलणं ऐकायला कान द्यावा लागे.

त्या वर्षी होळी झाल्यावर वाईकडचं एक स्थळ आलं. मुलगा साताऱ्याला शाळेत मास्तर. मुलाचे वडील निवृत्त हेडमास्तर, सुधारक मताचे. दादानं या वेळी चष्म्याचा विषयच काढायचा नाही असं ठरवलं. पाटावर खाली मान घालून बसायचं, नाव सांगायचं, नमस्कार करायचा, त्याला नजर कशाला लागते? माझा चष्मा त्यानं फडताळात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

मग वाईचं पत्र आलं. दादानं ते ओटीवर उभ्यानं वाचलं आणि तसाच खाली बसला.

"काय लिहिलंय?" आईनं आतून विचारलं.

"पाटावर बसवून मुलगी बघायची पद्धत त्यांना पसंत नाही म्हणे. जनावर बघतात तसं वाटतं. भोरची बाग सुंदर आहे असं ऐकलंय, तेव्हा संध्याकाळी सगळे मिळून बागेत फिरू. मुलगी मोकळेपणी चालेल, बोलेल, तेवढंच पुरे."

चुलीवर दूध होतं ते उतू गेलं, त्याचा करपट वास घरभर पसरला. बागेत मी फाटकाशीच अडखळले असते. हौदाच्या कट्ट्यावर नडगी आपटली असती. आणि ओढ्याच्या पायऱ्यांवर काय झालं असतं ते मला मनातही आणवेना.

त्या रात्री अंथरुणं घालताना वहिनी माझ्या कानाशी पुटपुटली, "वन्सं, पाहुणे यायला आठ दिवस आहेत. तुम्ही बाग पाठ करा."

"पाठ?"

"विंझरला आमची आजी डोळ्यांनी गेली होती. सगळ्या गावात काठीशिवाय हिंडायची. म्हणायची, वाट पायांना दाखवली की पाय विसरत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुपारी जाऊ लागलो. दुपारी बागेत चिटपाखरू नसे. दादा दप्तरात असे, आईला आम्ही फुलांचं निमित्त सांगत असू. अशा सहा दुपारी झाल्या. मुरूम इतका तापलेला असे की वहाणांतून चटका बसे. विहिरीवर मोट चालू असे. चाकाची कुरकुर, बैलांच्या घुंगरांची लय, आणि मग पाणी थारोळ्यात पडल्याचा तो धबाक्कन आवाज. तो आवाज डाव्या कानाला आला की मी वाटेच्या मधोमध आहे, असं समजायचं. पाटाजवळ गेलं की ओल्या मातीचा थंडावा पायांना लागे. तिथून मरव्याचा वाफा, मग मोगरा. मोगरा संपला की सात पावलांवर बकुळीचा पार, कारण बकुळीची फुलं वहाणेखाली चुरतात आणि त्यांचा गोडसर, जुन्या कपाटासारखा वास येतो.

वहिनी माझ्या मागून चाले. आमची खूण ठरली होती. तिनं बांगड्या एकदा वाजवल्या तर पुढं चढ आहे, दोनदा वाजवल्या तर उतार. बाकी मीच माझं सांभाळायचं. मी चुकले की ती हसायची नाही. परत फाटकापासून सुरुवात. तिसऱ्या दुपारी मी हौदाच्या कट्ट्यावर आपटले आणि गुडघा फुटला. वहिनीनं दगडीपाल्याचा रस त्यावर पिळला, फुंकर घातली, आणि म्हणाली, "उठा. अजून पायऱ्या राहिल्यात."

बागेचा माळी गेनू हे सगळं बघत असे. म्हातारा, काटकुळा, कमरेला विळा खोचलेला. चौथ्या दुपारी तो वाटेत आडवा आला. आमचे प्राणच गेले.

"वैनीसाब, म्या चार दिस बगतोय. ह्या बाईंना दिसत न्हाई, व्हय ना?"

वहिनीनं मान खाली घातली. मी म्हटलं, "लांबचं दिसत नाही, गेनूबा. कुणाला सांगू नका."

"कुनाला सांगू? माजी लेक अशीच होती," तो म्हणाला. मग बराच वेळ त्यानं विळा उगाच पंच्याला पुसला. "कवा येनार पावनं?"

"रविवारी."

"मंग रविवारी म्या मोट सांजच्यापातुर चालू ठिवतो. आवाज राहील कानाला. आन वाटंवरची समदी दगडं येचून टाकतो. तुमी निर्धास्त चाला. हितं कोन तुमाला पडू देतंय?"

पाचव्या दुपारी वहिनीला आणखी एक धास्ती सुचली. मुलगी सातवी पास आहे असं दादानं कळवलं होतं. हेडमास्तर म्हटल्यावर काहीतरी वाचायला लावतीलच. आणि बागेत वाचण्याजोगं एकच होतं, पारासमोर उभी असलेली नियमांची पाटी. पारावर बसलं की ती पंधरावीस पावलांवर. मला तिथून फक्त एक पांढुरका चौकोन दिसे. वहिनीनं पाटीशी जाऊन एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि मी पारावरून ती घोकली. "फुले तोडू नयेत. गुरे आत आणू नयेत. हौदात हातपाय धुऊ नयेत. दिवेलागणीनंतर बागेत थांबू नये." शेवटी हुकमावरून, आणि खाली अधिकाऱ्याचा हुद्दा. सहाव्या दुपारी मी ती ओळ न ओळ, वाचल्यासारखी थांबत थांबत म्हणून दाखवली. वहिनी पहिल्यांदा हसली. "आता काही राहिलं नाही," ती म्हणाली.

शुक्रवार-शनिवार फराळाच्या गडबडीत गेले. बागेत जाणं झालं नाही.

रविवारी पाचच्या सुमाराला पाहुणे आले. मुलाचे वडील, मुलगा, आणि मुलाची आत्या. आत्याबाईंचा आवाज खणखणीत आणि चाल जड. मुलाचा चेहरा मला दिसला नाही. पांढरा सदरा, काळी टोपी, आणि मधे एक सावळा डाग. त्यानं नमस्कार केला तेव्हा आवाज मात्र ऐकू आला. शांत होता. मला तो आवडला आणि त्यामुळे भीती आणखीच वाढली.

मला अंजिरी रंगाचं नऊवारी नेसवलं होतं. निऱ्या पायात येतील म्हणून वहिनीनं दोन बोटं वर खोचल्या होत्या. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि मोटेचं चाक कुरकुरलं. गेनूनं शब्द पाळला होता. एक, दोन, तीन. आत्याबाई माझ्या बाजूला होत्या, मागे वहिनी आणि आई, सर्वांत मागे पुरुष. दादाचा वरच्या पट्टीतला, खोटा हसरा आवाज मला ऐकू येत होता. अठ्ठेचाळीसला चाफा आला. मी वळले. कुणाला काही कळलं नाही.

"किती ऐटीत चालते हो मुलगी," आत्याबाई म्हणाल्या.

पाटाकडेनं चालताना त्या अधूनमधून प्रश्न विचारत होत्या. पुरण यंत्रातून काढता की पाट्यावर वाटता? शिवण येतं का? मी उत्तरं देत होते आणि आतल्या आत आकडे धरून ठेवत होते. एकदा मोजणी सुटली. तेहेतीस का चौतीस? मग मोगऱ्याचा वास आला आणि मी सावरले. वहाणेखाली बकुळीची फुलं चुरली. मागून बांगड्या एकदा वाजल्या. मी पाय उचलला आणि पाराच्या पायरीवर बरोबर ठेवला.

सगळे पारावर टेकले. वाऱ्याची झुळूक आली. आता फक्त अर्धा तास, मग घर, मग चहा. दादानं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला.

"सातवी झालीय म्हणे," हेडमास्तर म्हणाले. आवाजात काही खोच नव्हती, शाळेत मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, पाटीकडे नीट बघितलंही नसावं. "समोरची ती पाटी वाच बरं, मुली. आजकाल पास होतात, पण वाचता येत नाही."

मी मनात म्हटलं, वहिनी, तुम्ही किती शहाण्या! आणि समोरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघितलं.

मागून बांगड्या वाजल्या. एकदा नाही, दोनदा नाही, खळखळखळ वाजतच राहिल्या. ही खूण आमची ठरलेली नव्हती. मला वाटलं, वहिनीला आनंद झालाय, ती मला धीर देतेय.

"फुले तोडू नयेत," मी वाचायला सुरुवात केली. "गुरे आत आणू नयेत. हौदात हातपाय..."

मी शेवटपर्यंत वाचलं. हुकमावरून, हुद्द्यासकट.

कुणी शाबास म्हटलं नाही. मोट थारोळ्यात रिकामी झाली, बैल उलट पावली परत गेले, दुसरी मोट भरून वर आली, तरी कुणी बोललं नाही.

"अगं," आत्याबाई अखेर म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, भय होतं, "पाटीवर तर एक अक्षर नाही."

मला अजूनही तो क्षण आठवला की कानशिलं तापतात. खालून कुणीतरी धावत आलं. गेनू होता. "सायेब, चूक माजी," तो हात जोडून सांगत होता. "पावनं येनार म्हनून म्या कालच पाटीला नवा रंग दिला. जुनी अक्षरं लई पुसाट झाली व्हती. पेंटर उद्या येनार हाय. लई वंगाळ झालं, बाय. मला म्हाईतच न्हवतं..." बाग माझ्यासाठी चांगली दिसावी म्हणून त्या म्हाताऱ्यानं रंग दिला होता.

"म्हणजे मुलीला दिसत नाही," हेडमास्तर सावकाश म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"तसं नाही, साहेब, जरासं, उन्हामुळे..." दादा म्हणाला.

तेवढ्यात माझ्या हातात काहीतरी आलं. गार, ओळखीचं. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी होती आणि तिनं कनवटीला खोचलेला चष्मा काढून माझ्या मुठीत ठेवला होता. दादा सकाळी अंघोळीला बसला तेव्हा त्यानं जानव्याची किल्ली खुंटीवर ठेवली होती. वहिनीनं फडताळ उघडलं होतं. चार वर्षांत दादाच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकलेल्या वहिनीनं.

"घालू नकोस," दादा दातांवर दात ठेवून म्हणाला.

मी घातला.

पहिल्यांदा मला पाटी दिसली, पांढरीशुभ्र, तिच्यावर एक मुंगळा चढत होता. मग मुलगा दिसला. त्याचं नाक जरा वाकडं होतं आणि डोळे खाली वळलेले होते. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. मग झाडं. बकुळीला इतकी पानं आहेत आणि प्रत्येक पान वेगळं हलतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मला चष्मा आहे," मी म्हणाले. "तो घातला की सगळं दिसतं. न घालता मी ही बाग सहा दिवस पाठ केली. चूक झाली."

पाहुणे घरी न येता परस्पर गेले. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांचं पत्र आलं. दोनच ओळी. मुलीच्या डोळ्यांबद्दल आमची तक्रार नाही, खोटेपणाबद्दल आहे. ते पत्र मी अजून विसरले नाही. कारण त्यात त्यांचं काही चुकलं होतं असं मला म्हणता येत नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळी घरात जे झालं त्यापुढं पत्र काहीच नव्हे. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जेवला नाही, बोलला नाही, दिवाही लावू दिला नाही. अंधारात बसून राहिला. त्याच्या खोलीतून फक्त एकदा त्याचा आवाज आला, खालच्या पट्टीतला, आणि त्यानंतर वहिनीचा आवाज आलाच नाही.

सकाळी वहिनी म्हणाली, "वन्सं, चला, बागेत जाऊन येऊ. आता काय लपवायचंय?"

मी चष्मा घालून निघाले. भोरच्या रस्त्यावरून चष्मा घालून चालण्याची ती पहिलीच वेळ. लोक बघत होते. दारांतून बघत होते. मी पावलं मोजली नाहीत.

बागेत त्या वेळी उन्हं कोवळी होती. मी पाटातलं पाणी बघितलं, मोगऱ्यावरचं दव बघितलं, चाफ्याची फुलं पिवळी नसून केशरीकडे झुकतात हे बघितलं. दर पावलाला मी वहिनीला काहीतरी दाखवत होते आणि ती हं, हं म्हणत होती. ओढ्याच्या नऊ पायऱ्या आम्ही उतरलो. ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं आणि पलीकडे जायला दगडांची ओळ. पलीकडची पायवाट जांभळींतून डोंगराकडे जात होती.

"मी पुढं जाऊन उभी राहते," वहिनी म्हणाली. "तुम्ही बघून या. घाई करू नका."

ती दगडांवरून सहज, हरणासारखी पलीकडे गेली आणि जांभळीखाली उभी राहिली. मध्ये तीस पावलांचा ओढा. चार वर्षं आम्ही एका घरात होतो, एका ताटात जेवलो होतो, पण लांबून ती कशी दिसते ते मी कधी बघितलं नव्हतं. मी मान वर केली.

ती रडत होती.

आवाज न करता, पदर न लावता, समोर माझ्याकडे बघत ती रडत होती. गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तिनं ते पुसलंही नव्हतं. घराबाहेर, एवढ्या अंतरावरून मला दिसत नाही याची तिला चार वर्षांची सवय होती, चष्म्याचं ती विसरली होती. आणि मग माझ्या मनात आलं, अशी ती किती वेळा रडली असेल? अंगणात, विहिरीवर, ओटीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या समोर?

"वहिनी," मी हाक मारली, "मला दिसतंय."

तिनं दचकून दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी दगड सोडले आणि सरळ पाण्यातून गेले. शिंतोड्यांनी लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. तिला धरलं. "काय झालं? दादानं मारलं?"

"नाही हो. हात नाही लावला." मग पदरानं तोंड पुसून, "इकडून सांगणं झालंय, उद्या विंझरची गाडी येईल. माहेरी जा, आणि बोलावल्याशिवाय येऊ नकोस. बोलावणार नाहीत, वन्सं. मी ओळखते. ट्रंक भरून ठेवलीय. आईंना अजून माहीत नाही."

आम्ही घरी परत आलो त्या वाटेचं मला काही आठवत नाही. आठवतो तो ओटीवर उभा असलेला दादा. कोट चढवलेला, दप्तरात निघालेला. माझ्या भिजल्या लुगड्यातून पाणी ठिबकत होतं.

"दादा, वहिनी विंझरला जाणार असतील तर मी पण जाते."

"तू मध्ये पडू नकोस."

"चष्मा त्यांनी आणला, पण घातला मी. बाग पाठ करायला त्यांनी शिकवलं, पण खोटं मी वाचलं. शिक्षा करायची तर मला कर."

"तुला कळतंय का काय झालंय?" दादाचा आवाज एकदम चिरला. "गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली. मी बाबांना काय शब्द दिला होता? तुझं लग्न... मी एकटा काय काय..." तो खांबाला धरून उभा राहिला. दादाला रडू येतंय हे मला त्या दिवशी अंगणाच्या टोकावरून स्वच्छ दिसलं, आणि ते बघून माझा राग कुठल्या कुठं गेला.

तेव्हा आई बाहेर आली. हाताला पीठ होतं. ती दादाकडे गेली नाही, माझ्याकडेही नाही. ती सरळ माजघरात गेली आणि वहिनीची पत्र्याची ट्रंक ओढत ओढत बाहेर घेऊन आली. ओझ्यानं तिला धाप लागली होती. ओटीवर सगळ्यांदेखत तिनं झाकण उघडलं आणि वहिनीची लुगडी एकेक करून बाहेर काढली, झटकली, आणि आपल्या खांद्यावर टाकली.

"आई, हे काय?" दादा म्हणाला.

"घरातली माणसं घरात राहतील," आई म्हणाली. "तुझे बाबा असते तरी हेच म्हणाले असते. लग्न व्हायचं तेव्हा होईल. नाही झालं तर ही शिकेल. पण सून मी पाठवणार नाही."

वडील गेल्यापासून आई एका वेळी एवढं बोललेली मी ऐकली नव्हती. दादा वहिनीकडे न बघता म्हणाला, "गाडीवाल्याला नको म्हणून सांगून येतो." आणि निघाला. अंगणाबाहेर गेल्यावर आमच्या लक्षात आलं की त्याची टोपी खुंटीवरच आहे. भर सकाळी, भोरच्या बाजारातून, दप्तरातला कारकून दादा उघड्या डोक्यानं चालला होता.

पुढचे सहासात महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. पण पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात घालायला तोच आला. मोटारीत पूर्ण वेळ त्यानं माझी वळकटी मांडीवर धरून ठेवली होती. पोचल्यावर म्हणाला, "पत्र लिहीत जा. तुझ्या वहिनीलाही वेगळं लिही. माझ्यातलं वाचून दाखवलं तर तिला पुरायचं नाही." मी शिक्षिका झाले. गेनू नंतर दोनच वर्षं जगला. त्या पाटीवर अक्षरं काढायला पेंटर आला तेव्हा गेनूनंच त्याला परत पाठवलं म्हणे, असं वहिनीनं पत्रात लिहिलं होतं. खरं खोटं देव जाणे.

काल मी ओढ्यापर्यंत जाऊन आले. पलीकडे दोन मुली दगडांवरून एकमेकींचा हात धरून जात होत्या, खिदळत होत्या. त्यांना मी बसलेली दिसले नाही. दिवेलागण झाली तशी उठले.

घराशी आले तर आत भांडण चाललं होतं. आमटीत चिंच जास्त झाली असं दादाचं म्हणणं. आयुष्यभर तुम्हाला आमटीत काही ना काही जास्तच झालं, असं वहिनीचं म्हणणं. तिचा आवाज चांगला वाढलाय आता, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतो. दादानं काहीतरी पुटपुटून माघार घेतली, तरी ती थांबेना. मी लगेच आत गेले नाही. अंगणातल्या अंधारात उभी राहून ते भांडण संपेपर्यंत ऐकत राहिले.